तरिया : रायपूरचे तलाव आणि माझ्या घरात शिरलेलं पाणी

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढाया आणि किल्ले यांबद्दल बोलतो. आज लढाई नाही. आज रायपूरबद्दल बोलायचं आहे, कारण मी इथलाच. तात्यापाऱ्यात जन्मलो, इथेच बी. एस्सी. केलं आणि मग फौजेत गेलो. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना अजूनही नवल वाटतं की छत्तीसगडच्या राजधानीत तात्यापारा नावाचा मोहल्ला आहे, महाराष्ट्र मंडळ आहे आणि गणपतीत आरत्या मराठीत होतात. त्याचं कारण इतिहासात आहे, ते पुढे येईलच. पण सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण इतिहासाकडे मला त्या घरानेच ढकललं.

मी सॅपर. म्हणजे फौजेतला इंजिनिअर. पूल टाकणं, नाले ओलांडणं, पाण्याला वाट काढून देणं, यातच नोकरी गेली. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीच्या पैशातून रायपूरच्या एका नव्या कॉलनीत घर घेतलं. कागद तपासले, विटा तपासल्या, सिमेंट तपासलं. जमीन मात्र तपासली नाही. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री अडीचला जाग आली तेव्हा चपला खोलीत तरंगत होत्या. पहाटेपर्यंत पाणी गुडघ्याच्या खाली चार बोटं होतं. माझ्या जुन्या फोटोंची पेटी, पदकांची पेटी, बायकोच्या आईचं हार्मोनियम, सगळं भिजलं.

सकाळी आमच्याकडे काम करणाऱ्या बाई आल्या. साडी खोचून पाणी उपसायला लागल्या आणि सहज म्हणाल्या, "इहां तो तरिया रहिस साहेब, पानी तो आबेच करही." छत्तीसगढीत तरिया म्हणजे तलाव. इथे तलाव होता साहेब, पाणी तर येणारच. जे मला तीन वर्षांत कळलं नाही ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या आजीने त्या तलावात कपडे धुतले होते.

मग मी जुने महसुली कागद काढले. आमच्याकडे त्यांना मिसल बंदोबस्त म्हणतात. नकाशा ताणून पाहिला. तलाव आमच्या कॉलनीच्या वरच्या अंगाला होता, आणि त्याचं जादा पाणी बाहेर पडायची वाट नेमकी आमच्या गल्लीतून जात होती. तलाव आता एका कोपऱ्यात डबक्याएवढा उरला होता. वाट तर पूर्णच बुजली होती. पण पाऊस नकाशा बदलल्याची नोंद ठेवत नाही. तो जुन्याच वाटेने आला.

तिथून मी रायपूरच्या तलावांच्या मागे लागलो.

छत्तीसगडात गावोगाव एक बोल ऐकू येतो, "छै आगर छै कोरी". कोरी म्हणजे वीस, आपली मराठीतली कोडी. सहा कोडी म्हणजे एकशे वीस आणि आगर म्हणजे वर. एकूण १२६ तलाव. रतनपूर, मल्हार अशा जुन्या गावांबद्दल हा आकडा सांगतात. तो मोजून काढलेला नसावा. 'भरपूर' म्हणायची ती पद्धत आहे. पण ज्या प्रदेशात भरपूरपणा तलावांनी मोजतात, त्या प्रदेशाने पाण्याचा विचार किती केला असेल पाहा.

हे का घडलं? इथे वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने पाणी साठवूनच काढायचे. रायपूरच्या पश्चिमेला खारुन नदी आहे, पण उन्हाळ्यात नदीचा भरवसा नाही. म्हणून उतारावर मातीचा बांध घालायचा, त्याला इथे 'पार' म्हणतात. उतरायला पायऱ्या, त्या 'पचरी'. आणि जादा पाणी बाहेर पडायला ठरलेली वाट. एका तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खाली, शेवटी नाल्याने नदीला. तलावांची ही साखळी म्हणजे त्या काळची पाणीपुरवठा योजनाही आणि पूरनियंत्रण योजनाही.

रायपूर हे कलचुरी म्हणजे हैहय राजांच्या धाकट्या शाखेचं ठाणं. महादेव घाटावरच्या हाटकेश्वर मंदिराशी जोडलेला राजा ब्रह्मदेवाचा १४०२ चा शिलालेख आहे. पुढे १४६० च्या सुमाराला राजा भुवनेश्वर सिंहाने किल्ला बांधला. त्याच वेळचा बूढा तलाव. किल्ल्याच्या दक्षिणेला बूढा तलाव, जवळच महाराजबंध. फौजी माणसाला हे लगेच कळतं. ज्या बाजूला पाणी आणि दलदल आहे त्या बाजूने हत्ती येत नाहीत, तोफा तर नाहीतच. म्हणजे संरक्षणाची आणि पिण्याच्या पाण्याची सोय एकाच खोदाईत झाली. सुरक्षित शहर हा शब्द आपण आज कॅमेऱ्यांपुरता वापरतो. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ पाण्यापासून सुरू होत होता.

१८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटियर आहे, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं. त्यात रायपूरच्या तलावांची माहिती आहे. बूढा तलाव मूळचा जवळजवळ एक चौरस मैल पसरलेला होता, असं त्यात म्हटलं आहे. आज तिथे गेलात तर मध्ये विवेकानंदांचा पुतळा दिसेल, काठावर बाग दिसेल. १८७७ मध्ये लहानगा नरेंद्रनाथ कुटुंबाबरोबर रायपूरला येऊन सुमारे दोन वर्षं बूढापाऱ्यात राहिला होता, म्हणून तलावाचं नाव आता विवेकानंद सरोवर. काठाशी माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे म्हणजे १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे आपले मराठी गृहस्थ. तलाव आजही मोठा वाटतो. पण एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. आजच्या तलावाभोवती सकाळच्या फेरीत एक चक्कर मारली की पाण्याने किती मागे सरायला लावलंय ते पायांना कळतं.

आता हे तलाव कोणी बांधले ते पाहा. बूढा तलाव राजाचा. महाराजबंध मराठा अमदानीतल्या एका महसूल-मक्तेदाराचा. कंकाली तलाव सतराव्या शतकाच्या अखेरीस कृपाल गीर नावाच्या महंताने चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांनी बांधून काढला, मध्ये महादेवाचं छोटं देऊळ ठेवलं. तेलीबांधा आपल्या नावातच सांगतो की त्यामागे तेली समाज आहे. म्हणजे राजा, मक्तेदार, महंत, व्यापारी, सगळ्यांनी पैसा घातला. पुण्य मिळतं म्हणून घातला, नाव राहतं म्हणून घातला. हेतू काहीही असो, पाणी गावाचं झालं. असा लोकवापराचा तलाव तो इथल्या भाषेत 'निस्तारी' तलाव. आणि नवा तलाव तयार झाला की त्याचं चक्क लग्न लावायचे, मधोमध लाकडी खांब रोवायचे. लग्न झालेल्या तलावाला कोणी बेवारस म्हणत नाही.

आता आपल्या मराठी माणसांचा भाग. १७४१ मध्ये भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपूरवर चालून गेले आणि कलचुरींची सत्ता मोडली. १७५८ पासून १७८७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले स्वतः छत्तीसगडात राहून कारभार पाहत होते. राजधानी रतनपूर होती, पण रायपुरात महाराजबंधाच्या बांधाजवळ १७७५ मध्ये त्यांनी राममंदिर बांधल्याची नोंद आहे. बिंबाजींनंतर नागपूरहून सुभेदार यायला लागले, आणि त्या काळात रयतेकडून वसुली जास्त झाली आणि तिच्यासाठी खर्च कमी झाला, हेही आपण मराठी म्हणून मान्य केलं पाहिजे. तरी गाव वाढत होतं. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज प्रवासी या भागातून गेला. त्याने रायपुरात सुमारे ३००० घरं असल्याचं आणि वस्ती व व्यापारात ते रतनपूरहून पुढे असल्याचं लिहिलं. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणं रायपूरला हलवलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८६७ मध्ये रायपूरला नगरपालिका मिळाली. भोसल्यांबरोबर आलेले कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य इथेच राहिले. आम्ही त्यांचेच वंशज.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. तसं नाही, मंडळी. तलाव गावाचा होता, पण पचरी सगळ्यांची नव्हती. कुणी कोणत्या पायरीवरून पाणी घ्यायचं हे जात ठरवायची. ज्यांनी कुदळीने तो खोदला त्यांच्यापैकी कित्येकांना त्याच्या चांगल्या घाटावर पाय ठेवता येत नव्हता. आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा तलाव कोणता असं मला विचारलं तर मी क्षेत्रफळ सांगणार नाही, मी महाडचं चवदार तळं सांगेन. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर शहर समावेशक झालं. पण २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह प्रत्यक्ष ओंजळीने पाणी घेतलं तेव्हा दंगल झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. नगरपालिकेचा ठराव आणि माणसाची ओंजळ यांच्यातलं अंतर पार करायला तेरा वर्षं लागली.

म्हणून नळ आला तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती. रायपुरात १८९२ मध्ये खारुन नदीवरून पाणीयोजना सुरू झाली. नांदगावचे राजे बलराम दास यांनी तिला मोठी देणगी दिली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. नळातून येणारं पाणी जात विचारत नाही, पटकीचे जंतू त्यात कमी असतात, आणि बाईचा डोक्यावरच्या घागरीचा फेरा वाचतो. मी नळाच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण नळाबरोबर एक गोष्ट नकळत झाली. ज्यांच्या हातात पैसा आणि अधिकार होता त्यांना तलावाची गरज उरली नाही. गाळ काढायला कोण पुढे येणार? त्याच सुमारास, १८८० च्या दशकाअखेर, रेल्वे आली आणि गावाचा कणा पुरानी बस्तीकडून स्टेशनकडे सरकला. तलाव पाठीमागे राहिले, आणि पाठीमागे जे राहतं तिथे कचरा टाकतात.

पुढचं सगळं एकाच दिशेने गेलं. राजबंधा तलाव बुजला, आज तिथे राजबंधा मैदान आणि इमारती आहेत. आणखी एका तलावाच्या जागी शास्त्री बाजार आहे. मोठे तलाव काठाकाठाने खाल्ले गेले. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि जमिनीचे भाव असे चढले की पाण्याखालची जमीनही लोकांना कोरडी दिसायला लागली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली होती.

हे फक्त रायपूरचं नाही. कोल्हापूरकरांना विचारा, कपिलतीर्थ मंडई आणि गांधी मैदान यांच्याखाली काय होतं. पुणेकरांना विचारा, सारसबागेत गणपतीला तळ्यातला गणपती का म्हणतात. नागपूरकरांना तर विचारायलाच नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, १८७० चा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं गेली. पाऊस मोठा होता, खरं आहे. पण पाण्याच्या वाटेवर काय काय उभं होतं हेही तितकंच खरं आहे.

थोडा हिशेब सांगतो. एक एकराचा तलाव, सरासरी एक मीटर खोल. त्यात सुमारे ४० लाख लिटर पाणी मावतं. पाच हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर आठशे टँकर. असा एक तलाव बुजवला की पावसाळ्याच्या एका रात्री आठशे टँकर पाणी रस्त्यावर सोडलं आणि उन्हाळ्यात तेच आठशे टँकर विकत आणायला निघालो, असा अर्थ होतो. फौजेत असा व्यवहार करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी लागली असती.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्या पुरानंतर कॉलनीची सभा झाली. मी इंजिनिअर, म्हणून माझ्याकडे सगळे बघत होते. मी सुचवलं, रस्ता दीड फूट उचलू आणि मागची भिंत पक्की करू. वर्गणी काढली, काम झालं. पुढच्या पावसात आमच्याकडे एक थेंब आला नाही. लोकांनी माझं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी चौकशीला गेलो. भिंतीच्या पलीकडे त्यांची वस्ती आहे. मी अडवलेलं पाणी त्यांच्या घरात कंबरेएवढं भरलं होतं. तांदळाची कोठी गेली होती, मुलीची दहावीची पुस्तकं गेली होती. मला काही बोलल्या नाहीत. "चाय पीहू, साहेब?" एवढंच विचारलं. ओल्या चुलीवर चहा कसा करणार होत्या देव जाणे.

त्या दिवशी मला कळलं की मी पाणी अडवलं नव्हतं, फक्त पत्ता बदलून दिला होता. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगापुढे सतरा उद्दिष्टं ठेवली. त्यातलं अकरावं शहरांचं आहे: शहरं समावेशक, सुरक्षित आणि शाश्वत करा. मी हे शब्द भाषणांत वापरले होते. पण आमची कॉलनी सुरक्षित झाली ती दुसऱ्याला वगळून, म्हणून ती सुरक्षितता एका पावसापुरती होती. पुढच्या वर्षी ते पाणी भिंतीचा पाया पोखरून आमच्याकडे आलंच असतं. हे तीन शब्द वेगळे काढून चालत नाहीत.

तलाव सुधारतानाही हीच कसोटी लावा. तेलीबांधा तलाव आज रायपूरची शान आहे. लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात, ३० एप्रिल २०१६ पासून तिथे ८२ मीटर उंच ध्वजस्तंभावर तिरंगा फडकतो. एक फौजी म्हणून तिथून जाताना मान वर होते. काठावर पूर्वी झोपडपट्टी होती, तिथल्या कुटुंबांना बहुमजली इमारतींत घरं देण्यात आली. तलाव बुजण्याऐवजी वाचला, याचा आनंद आहे. पण काठावर फिरणाऱ्यांत त्या कुटुंबांची मुलंही दिसतात का, पाणी नुसतं दिसायला आहे की जिरतं आणि मुरतंही, हे प्रश्न विचारत राहिले पाहिजेत. चकाचक काठ म्हणजे जिवंत तलाव नव्हे.

कायदा आपल्या बाजूला आहे. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात आणि २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तलावासारख्या सामुदायिक जागा गावाच्या आहेत, त्यांवरची अतिक्रमणं नियमित करता कामा नयेत. पण १९२४ चा महाडचा ठराव आठवा. कागद आपोआप पाणी देत नाही.

आमच्या कॉलनीने काय केलं ते सांगून थांबतो. दुसरी सभा घेतली, या वेळी वस्तीतल्या चार जणांना बोलावलं. पहिला अर्धा तास फार अवघड गेला. मग त्याच बाईंनी जमिनीवर बोटाने रेघ काढून पाण्याची जुनी वाट दाखवली. माझ्या मिसलच्या नकाशाशी ती रेघ तंतोतंत जुळली. भिंत दोन ठिकाणी फोडून जाळी बसवली. जुन्या वाटेवर उघडा नाला काढला, तो माझ्या मागच्या अंगणातून जातो. बागेची निम्मी जागा गेली, बायकोची मोगऱ्याची रांग गेली, ती अजून बोलून दाखवते. डबक्याएवढ्या उरलेल्या तलावातला गाळ दोन उन्हाळ्यांत मिळून काढला. गेल्या पावसात पाणी आलं, पण अंगणात नाल्याच्या काठापर्यंत येऊन पुढे गेलं. वस्तीत तीन घरांच्या उंबऱ्याला लागलं, आत गेलं नाही. काम पूर्ण झालंय असं मी म्हणणार नाही. खालचा नाला अजून अडलेला आहे.

तुम्ही कुठल्याही शहरात असा, एवढं करा. तुमच्या भागाच्या नावात तळं, तलाव, बंधा, डोह असं काही आहे का पाहा. जुना महसुली नकाशा एकदा मागून बघा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते चालून पाहा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या दारातून गेलेलं पाणी ज्याच्या दारात थांबतं त्या माणसाला भेटा. फौजेत टेहळणी करताना पहिला नियम हाच होता, स्थानिक माणसाला विचार. मी तो चाळीस वर्षांनी पुन्हा शिकलो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.